अरुंधती दिसली का?

आज एका ताऱ्याची गोष्ट सांगते. लग्नात सप्तपदी झाली की भटजी नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती बघायला सांगतात. ‘दिसली का?’ म्हणून विचारतात आणि नवरी मान डोलावते. ‘नाही दिसली’ म्हणणारी नवरी मी तरी अजून ऐकली नाही.

आता गंमत बघा. आपल्या श्रीगोंद्याकडे कितीतरी लग्नं भर दुपारी लागतात. मार्गशीर्षातलं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं, तरी त्या वेळी अरुंधती आकाशात नसतेच. डिसेंबरच्या मध्यावर ती आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमाराला उगवते. मग नवरीला दिसतं तरी काय?

ही सवय फार जुनी आहे. पारस्कर गृह्यसूत्र या प्राचीन ग्रंथात लग्नाचे विधी दिले आहेत. सूर्य मावळल्यावर नवरीला ध्रुव दाखवावा, आणि तिला तो दिसला नाही तरी तिनं ‘दिसतो’ असंच म्हणावं, असं त्यात लिहिलं आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाआधीचे अपशकुन सांगितले आहेत. त्यात एक असा, की अरुंधतीनं वसिष्ठाला मागे टाकलं. म्हणजे बाई पुढे चालली हाच अपशकुन! सुश्रुतसंहितेत तर अरुंधती न दिसणं हे मरण जवळ आल्याचं लक्षण मानलं आहे. आजही कोणाला ती दिसली नाही की घरातले घाबरतात. घाबरू नका. आकाशात ढग असतील, गावातले दिवे जास्त असतील, नाहीतर चष्मा लागला असेल किंवा मोतीबिंदू झाला असेल. डोळे तपासून घ्या, एवढाच त्याचा अर्थ.

खरी अरुंधती बघायची तर वैशाखात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून जो मंद ठिपका दिसतो, ती अरुंधती. आधी ठळक तारा दाखवायचा, मग त्याच्या आधारानं बारीक तारा दाखवायचा, यालाच आपल्याकडे अरुंधती-न्याय म्हणतात. शिकवायची ही रीत मात्र फार चांगली आहे.

ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिलं, त्यांना काय दिसलं? १६१७ साली इटलीत कास्टेली आणि गॅलिलिओ यांनी दुर्बिणीतून वसिष्ठ पाहिला. तो एक नव्हता, दोन तारे होते. पुढे १८८९ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांनी त्या दोघांतला ठळक ताराही जोडतारा असल्याचं जाहीर केलं. दुर्बिणीतून तो एकच दिसतो. पण त्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून नेला की रंगांचा पट्टा पडतो आणि त्यात काळ्या रेषा दिसतात. त्यातली एक रेष काही रात्री एकेरी दिसायची, काही रात्री दुहेरी. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच आहे. एक तारा आपल्याकडे येत होता, दुसरा लांब जात होता, म्हणून रेषा फाटत होती. हे दोघं साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात.

या रेषा तपासण्याचं किचकट काम करत होती अँटोनिया मॉरी, तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची. तिथं काम करणाऱ्या बायकांना तासाला साधारण २५ सेंट मिळत. त्याच वर्षी तिनं ब्रह्महृदयाजवळचा आणखी एक असा जोडतारा शोधला. त्याची फेरी चार दिवसांची. ताऱ्यांची वर्गवारी मात्र तिनं वरिष्ठांच्या पद्धतीनं केली नाही. रेषा रुंद की बारीक हेही तिनं नोंदवलं, कारण तिला तो फरक दिसत होता. त्यावरून वाद झाले, तिनं काम सोडलं, पण काम माझं आहे तर श्रेयही मलाच मिळालं पाहिजे, हे तिनं लेखी कळवलं. अखेर १८९७ साली ६८१ ताऱ्यांची तिची यादी तिच्याच नावानं छापली गेली. तिनं टिपलेल्या त्या बारीक फरकाच्या आधारे पुढे डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी राक्षसी तारे आणि लहान तारे वेगळे ओळखले.

वसिष्ठाचा दुसरा ताराही जोडतारा आहे, हे १९०८ साली कळलं. आणि २००९ साली खुद्द अरुंधतीजवळ एक लहानसा लाल तारा सापडला. म्हणजे वसिष्ठाचे चार, अरुंधतीचे दोन, मिळून सहा तारे. आपल्यापासून ऐंशीहून जास्त प्रकाशवर्षं लांब ते एकाच दिशेनं, एकाच वेगानं चालले आहेत. रोज रात्री आकाशात वसिष्ठ पुढे आणि अरुंधती मागे दिसते, ते आपली पृथ्वी फिरते म्हणून. प्रत्यक्षात कोणी कोणाच्या मागे चालत नाही.

आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाचा कागद वाचून झाला, की ‘समजलं का?’ म्हणून विचारतात आणि सगळ्याजणी ‘हो’ म्हणतात. व्याज महिन्याचं की वर्षाचं, हप्ता चुकला तर दंड किती, हे कितीजणींना खरंच समजलेलं असतं? जिला समजलं नसेल तिनं सही करण्याआधी सरळ सांगावं, ‘नाही समजलं, पुन्हा वाचा.’ त्यात कसला आलाय अपशकुन?