हंसूं, हंशा आणि हंसें

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाघोली लागते. तिला गांव म्हणण्याची आमची जुनी संवय. एरवी २०२१ सालीं ती पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आली. शाहू छत्रपतींच्या काळचे नामांकित सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधि आणि वाघेश्वराचें देऊळ हीं येथील जुनीं स्थळें. आतां त्यांच्या भोंवतीं उंच इमारतींची नवी वस्ती उभी राहिली असून तींत नाना प्रांतांतून आलेलीं कुटुंबें नांदत आहेत.

मध्यंतरीं वाघेश्वराच्या दर्शनास गेलों असतां एक लहानसा प्रसंग आमच्या दृष्टीस पडला. देवळाच्या पायरीवर एक आजीबाई आपल्या नातीला घेऊन बसल्या होत्या. नव्या वस्तींतील एक परप्रांतीय तरुणी दर्शन घेऊन बाहेर आली, मुलीपाशीं थांबली आणि नव्यानें शिकलेल्या मराठींत मोठ्या हौसेनें म्हणाली, “आजी, तुमची नात मला हंसली.” तिला अर्थातच मुलीचें कौतुक करावयाचें होतें. पण आजीबाईंचा चेहरा एकदम उतरला. नातीच्या पाठीवर चापट मारून त्या म्हणाल्या, “मोठ्या माणसास्नी हसत्यात व्हय गं?” मुलगी रडकुंडीस आली, आणि आपल्या हातून काय प्रमाद घडला हें न कळून ती तरुणी गोंधळून उभी राहिली. अखेर आम्हींच मध्यें पडून म्हटलें, “बाई, ‘माझ्याकडे पाहून हंसली’ असें म्हणा.”

घरीं परत येतांना या एका ‘ला’ प्रत्ययाचा विचार आमच्या मनांत घोळत राहिला. इंग्रजींत ‘स्माइल’ आणि ‘लाफ’ हीं दोन भिन्न क्रियापदें आहेत. संस्कृतांतही स्मि आणि हस् हे धातु निरनिराळे. मराठीनें यांपैकीं पहिला जवळजवळ टाकूनच दिला. ‘स्मित’ हा शब्द कवितेंत आणि कादंबरींत राहिला, माजघरांत आला नाहीं. ‘बाळ स्मित करतें’ असें कोणती आई म्हणेल? म्हणून ओठांच्या हलक्या हालचालीपासून पोट धरून लोळण्यापर्यंत सारा कारभार आपण एका ‘हंसणें’ या क्रियापदावर सोंपविला आहे. छटा दाखविण्यास गालांतल्या गालांत, खुदकन, खदखदां, खोखो, फिदीफिदी असे शब्द आहेत. त्यांतही ‘फिदीफिदी’ हा नुसत्या आवाजाचा शब्द नव्हे, ऐकणाराच्या नापसंतीचाही आहे. आपण स्वतः फिदीफिदी हंसलों असें सहसा कोणी सांगत नाहीं. परंतु हंसणें स्नेहाचें कीं वैराचें, हें पुष्कळदां विभक्तीच ठरविते. ‘त्याच्याशीं हंसून बोलला’ यांत जवळीक आहे. ‘त्याला हंसला’ यांत जखम आहे.

हाच भेद या धातूपासून निघालेल्या तीन नामांत अधिक स्पष्ट दिसतो. हंसूं तोंडावर येतें, फुटतें, आवरतें. तें ज्याचें त्याचें असतें. हंशा पिकतो, आणि पिकाला जसें शेत तशी त्याला सभा लागते. एकट्याचा हंशा होत नाहीं. जुन्या वर्तमानपत्रांत व्याख्यानाच्या वृत्तांतामध्यें कंसांत ‘हंशा’ असें छापीत, तो साऱ्या श्रोत्यांचा मिळून असे. हंसें मात्र होतें. आणि ज्याचें होतें तो त्या वेळीं हंसत नसतो. ‘माझें हंसूं’ माझ्या ओठांवर असतें, ‘माझें हंसें’ दुसऱ्यांच्या. बोलींत ‘माझें हंसूं झालें’ असेंही म्हणतात. पण तेथेंही ‘होणें’ हें क्रियापद येतांच अर्थ फिरतो.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं या विषयाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. भरताच्या नाट्यशास्त्रांत, सहाव्या अध्यायांत, हास्याचे सहा भेद आहेत: स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. दांत न दिसूं देतां हंसेल तो थोर. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हंसेल तो हलका. म्हणजे तेथें परीक्षा हंसणाराची आहे. ज्याला हंसतात त्याचें काय होतें, हा प्रश्न त्या वर्गीकरणांत नाहीं. तो आमच्या मराठी भाषेनें ‘हंसें’ हा शब्द घडवून विचारला आहे.

असा प्रश्न विचारण्याची तिला गरजही होती. बाहेरून आलेल्या कित्येक निरुपद्रवी शब्दांना मराठींत नख्या फुटल्या. संस्कृतांत चेष्टा म्हणजे हालचाल. मराठींत ती दुसऱ्याची केली जाऊं लागली, आणि पुढें तिची कुचेष्टा झाली. विनोद म्हणजे मन रमविणें. तथापि समर्थांनीं दासबोधांत त्याची आवड टवाळांच्या पदरीं बांधिली. विडंबन आणि विटंबना हे एकाच मुळाचे दोन कोंब; एक वाङ्मयांत मानानें नांदतो, दुसरा अजून कपाळीं येतो. मस्करी आणि फजिती हे शब्द मूळचे अरबी. त्याही कोणाच्या तरी होतात. थट्टा, टिंगल, टवाळी, टर या साऱ्यांना षष्ठीचा कोणी धनी लागतो. ‘मौज’ हा मूळचा लाटेचा अर्थ असलेला शब्द आणि ‘गंमत’, हे दोन मात्र सुदैवी. त्यांना बळी लागत नाहीं.

हंसें होण्याचें भय किती प्रबळ असतें याची साक्ष आपल्या सामाजिक इतिहासांत जागोजाग आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचाव्या. न्यायमूर्तींच्या आग्रहानें त्या शिकूं लागल्या तेव्हां त्यांना घरांतील बायकांचे टोमणे आणि कुचेष्टा सोसाव्या लागल्या. बाईच्या हातचें पुस्तक सोडविण्यास कायदा लागत नव्हता. चारचौघींचें हंसणें पुरे होत असे. रमाबाई टिकल्या. ज्या टिकल्या नाहींत त्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या नाहींत.

या शस्त्राची धार बोथट करण्याचा एक उपाय मराठी लेखकांनींच शोधून काढला. १९०२ पासून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत विनोदी लेख लिहावयास आरंभ केला. ते पुढें ‘सुदाम्याचे पोहे’ या नांवानें गाजले. रूढींना हंसणारा हा सुदामा स्वतः त्याच रूढींत गुरफटलेला आहे. १९३३ सालच्या ‘चिमणरावाचें चऱ्हाटा’त चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडानें सांगतो. आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई टिळक आपल्या अज्ञानाची आणि सोंवळ्याची हकीकत अशी सांगतात कीं, वाचणारा त्यांना हंसूंच शकत नाहीं, तो त्यांच्याबरोबर हंसतो. हंसें प्रथमपुरुषीं आलें कीं त्याचें विष उतरतें, हा या तिघांचा आपणांवर मोठा उपकार आहे.

हें सारें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों. पण नोकरीच्या आरंभींची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खेड्यांतून आलेला एक विद्यार्थी धडा वाचतांना ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा म्हणाला. वर्गांत हंशा पिकला. तो थांबविणें आमचें काम होतें. त्याऐवजीं आमच्याही ओठांवर हंसूं आलें, आणि त्या मुलाचें हंसें झालें. तीं तीनही नामें आम्हीं एका क्षणांत, एकाच खोलींत पाहिलीं. ‘ण’चा ‘न’ होणें ही महाराष्ट्रांतील कित्येक बोलींची रीत आहे, चूक नव्हे, हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें; तें त्या वेळीं उपयोगीं पडलें नाहीं. त्या वर्षांत तो मुलगा पुन्हां वाचावयास उभा राहिला नाहीं. मराठी कोण कशी बुडवितो याची चर्चा आपण नेहमीं करतों. तींत आमचें तें हंसूंही जमेस धरावें.

वाघोलीच्या त्या पायरीवर आमचा खुलासा ऐकून आजीबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग नातीचे डोळे पदरानें पुसून त्या तरुणीस म्हणाल्या, “आसं व्हय! बस की हितं. परत सांग बरं, काय म्हनत हुतीस?” ती बाई भीत भीत पायरीवर बसली आणि तिनें तें वाक्य पुन्हां, सावकाश, नीट म्हटलें. मुलगी तिच्याकडे पाहून हंसली. आम्ही रस्त्याला लागलों तेव्हां त्या दोघींचें बोलणें चाललेंच होतें.