दिवाण-ए-खासचं छत

दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खाससमोर उभं राहिलं की गाईडच्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने येतात. आधी मयूरासन, मग ते घेऊन जाणारा नादिरशहा, आणि मग छत. आमच्या गाईडनेही वर बोट दाखवलं आणि सांगितलं, की हे छत पूर्वी चांदीचं होतं, त्यावर सोन्याचं काम होतं आणि ते मराठ्यांनी उतरवून नेलं. आमच्या गटात पस्तीसएक माणसं होती, सगळी पुण्या-नाशिकची. क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागून एक निवृत्त शिक्षक मोठ्याने म्हणाले, "हे खोटं आहे. मराठे असं करणार नाहीत." गाईड ओशाळला आणि त्याने पुढचा संगमरवरी हौद दाखवायला घेतला.

मी तेव्हा गप्प बसलो. गाईड म्हणत होता ते खरं आहे, हे मला ठाऊक होतं. तरीही मी बोललो नाही, याची रुखरुख त्या सहलीनंतर बरेच दिवस लागून राहिली. पुढे आग्रा, डीग आणि काशी असा तोच रस्ता मी पुन्हा एकट्याने केला. त्या फेरीत जे पाहिलं आणि आधी-नंतर जे वाचलं, ते इथे मांडतो आहे.

घटना १७६० सालची आहे. त्या वर्षाच्या आरंभी उदगीरला निजामाचा पराभव झाला होता आणि सदाशिवरावभाऊ कीर्तीच्या शिखरावर होते. त्याच सुमारास दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी दक्षिणेत पोचली. मार्चमध्ये परतुडाहून फौज उत्तरेकडे निघाली. यमुनेला पूर आलेला, पलीकडच्या तीरावर अब्दाली आणि नजीबखान, आणि शुजाउद्दौलाही अखेर त्यांनाच जाऊन मिळालेला. नदी ओलांडता येईना, तेव्हा भाऊंनी दिल्लीवर चाल केली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शहर आणि किल्ला मराठ्यांच्या हाती आला.

हाती आलेल्या दिल्लीत काय होतं? बादशाही खजिना केव्हाच रिकामा झालेला. नादिरशहाने १७३९ मध्ये आणि अब्दालीने १७५७ मध्ये शहर धुऊन नेलं होतं. बरोबर हजारो स्वार, इब्राहिमखानाचे रोख पगाराचे गारदी, बैल, हत्ती, शिवाय यात्रेकरू आणि बायकामुलांचा मोठा लबेदा. गोविंदपंत बुंदेल्यांकडून वसुलीचा पैसा यायचा होता, तो येत नव्हता. पुण्याहून हुंड्या वेळेवर पोचत नव्हत्या. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, त्यात या मोहिमेच्या काळातली पत्रं आहेत. ती वाचताना तलवारीपेक्षा पैशाचीच चिंता अधिक दिसते. अशा वेळी दिवाण-ए-खासची चांदी उतरवली गेली आणि तिचे रुपये पाडले गेले. बहुतेक इतिहासकार ही रक्कम नऊ लाखांच्या आसपास धरतात. इंग्रजी अमदानीतल्या प्रवासी-मार्गदर्शिकांत याहून मोठे आकडे आढळतात. लुटीची गोष्ट जितक्या तोंडी जाते तितकी चांदी वाढत जाते. नऊ लाख म्हटले तरी एवढ्या फौजेला ते फार दिवस पुरणारे नव्हते. ऑक्टोबरात भाऊ कुंजपुऱ्याला गेले, आणि तिथून पुढचा रस्ता पानिपताचा होता.

तेव्हा घटना खरी आहे. आता प्रश्न तिच्याकडे कसं पाहायचं एवढाच.

पहिलं उत्तर आपल्या ओठांवर तयार असतं: सगळ्यांनीच केलं. ते चुकीचं नाही. दिल्लीतच पुरावे आहेत. हुमायूनच्या कबरीपासून जवळच अब्दुल रहीम खानखानानची कबर आहे. तोच रहीम, ज्याचे दोहे आपण शाळेत शिकलो. तिथला संगमरवर आणि तांबडा दगड काढून अठराव्या शतकाच्या मध्यावर सफदरजंगाची कबर बांधण्यात आली. म्हणजे मराठे दिल्लीत शिरण्याच्या सहा-सात वर्षं आधी, अयोध्येच्या नबाबासाठी, मोगल सरदाराची कबर सोलली जात होती. रहीमच्या घुमटाचा उघडा सांगाडा पुढे अडीचशे वर्षं तसाच उभा होता. अलीकडेच त्याचं मोठं जतनकाम पूर्ण झालं.

आग्र्याहून डीगला गेलो. भरतपूरच्या जाट राजांचे तिथले जलमहाल पाहण्यासारखे आहेत. पावसाळ्याचा भास व्हावा म्हणून केशवभवनात केलेली पाण्याची योजना तर थक्क करते. तिथेच एक संगमरवरी हिंडोळा आहे. तो मोगलांच्या महालातून जाटांनी जिंकून आणलेला, असं अभिमानाने सांगतात. सांगणाऱ्याच्या आवाजात दिल्लीच्या गाईडसारखा संकोच नव्हता. हिंडोळा जिथे नेला तिथे उभा आहे, पाहता येतो. चांदी मात्र वितळली. एका वस्तूची आठवण मिरवली जाते आणि दुसरीची लपवली जाते, त्यामागे हेही एक कारण असावं.

मराठ्यांनंतर लाल किल्ल्याचं जे झालं ते याहून भयंकर होतं. १७८८ मध्ये गुलाम कादिरने खजिन्याच्या शोधात महालातल्या जमिनी खणल्या आणि शहाआलम बादशहाचे डोळे काढले. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याच वर्षी दिल्ली सोडवली आणि गुलाम कादिरला पकडलं. पुढे १८०३ पर्यंत लाल किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल होता. त्या वर्षी ११ सप्टेंबरला पटपडगंजच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातल्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. आणि १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडून तिथे सैनिकांच्या बराकी उठवल्या. आपण तिकीट काढून पाहतो तो लाल किल्ला म्हणजे त्या पाडापाडीतून उरलेला थोडा भाग. ज्या दिवाण-ए-खासमध्ये तख्त होतं, तिथेच १८५८ मध्ये बहादूरशहावर खटला चालला. आज दिसणारं लाकडी छत १९११ च्या दरबाराच्या निमित्ताने रंगवलेलं आहे.

एवढी यादी झाल्यावर मन हलकं होतं खरं. पण "सगळ्यांनीच केलं" हा बचाव आहे, त्याने कशाचा उलगडा होत नाही. शिवाय त्या काळी दुसरी रीत कोणाला सुचतच नव्हती असं म्हणावं, तर आपलीच एक जुनी नोंद आड येते.

१७३७ च्या मार्चअखेर थोरले बाजीराव झपाट्याने दिल्लीच्या वेशीपर्यंत गेले होते. तालकटोऱ्याजवळ मोगल फौजेचा त्यांनी पराभव केला. शहर समोर होतं. पण ते शहरात शिरले नाहीत, परत फिरले. या मोहिमेची हकिकत त्यांनी धाकट्या भावाला, चिमाजीअप्पांना, सविस्तर पत्रातून कळवली. दिल्ली जाळून टाकावी असं आधी मनात होतं, पण तसं केल्याने राजकारणाचा धागा तुटेल म्हणून तो विचार सोडला, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात दया नाही, कलेचं प्रेमही नाही. हिशोब आहे. पण तो लांबचा हिशोब आहे. दिल्ली शाबूत राहिली तर तिच्या नावाने कारभार करता येईल, हे त्यांना दिसत होतं.

ते पत्र ज्यांना लिहिलं त्या चिमाजीअप्पांचे चिरंजीव म्हणजे सदाशिवरावभाऊ. पत्र लिहिलं गेलं तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. तेवीस वर्षांनी त्याच दिल्लीत उभं राहून त्यांना जवळचा हिशोब करावा लागला. काकाला परत फिरायला रस्ता मोकळा होता; फौज सडी होती. पुतण्याच्या पाठीमागे लाखभर तोंडं होती आणि समोर पुराची नदी. दोघांच्या स्वभावात फरक असेलही, पण मला परिस्थितीतला फरक मोठा वाटतो. आणि त्या जवळच्या हिशोबाची किंमतही मोजावी लागली. सूरजमल जाटाला ही गोष्ट रुचली नाही, असं त्या काळावर लिहिणारे सांगतात. दिल्लीचा कारभार कोणाकडे असावा यावरूनही त्याचं बिनसलं होतं. भाऊंनी तो नारोशंकरांकडे दिला. कारण एकच नव्हतं. पण सूरजमल छावणी सोडून गेला आणि उत्तरेतला धान्य पुरवू शकणारा मित्र गेला, हे खरं.

नारोशंकरांच्या नावापाशी मी अडखळलो. मी नाशिकचा. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, तिथली मोठी घंटा लहानपणापासून पाहत आलो आहे. ती पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या विजयाची खूण. अशाच घंटा भीमाशंकरला आहेत, वाईजवळ मेणवलीला आहेत. मुळात त्या चर्चच्या घंटा. पाहुणे आले की आम्ही त्यांना ती घंटा कौतुकाने दाखवतो. ती कोणाच्या तरी प्रार्थनास्थळातून उतरवलेली आहे, हे आम्हाला खटकत नाही. उलट तेच सांगायचं असतं. मग दिल्लीच्या छताची गोष्ट निघाली की ती खोटी कशी होते? वसईला आपण जिंकलो आणि पानिपतावर हरलो, एवढाच तर दोन आठवणींतला फरक नसेल?

प्रवासाचा शेवट काशीत झाला. औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये पाडलेल्या विश्वेश्वराचं देऊळ शेजारच्या जागेत पुन्हा उभं केलं ते अहल्याबाई होळकरांनी, १७८० च्या सुमारास. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. घाटांवर भोसले, शिंदे, पेशवे अशी नावं एकामागून एक लागतात. इथे आमच्यासारख्या मराठी माणसांची छाती भरून येते, आणि त्यात गैर काही नाही.

पण मला तिथे मल्हारराव होळकर आठवत होते. १७६० च्या ऑगस्टमध्ये ते भाऊंच्या छावणीतच होते. चांदी उतरली तेव्हा तेही दिल्लीत, आणि काशीचं देऊळ बांधणारी त्यांचीच सून. मध्ये वीसच वर्षं. एकाच घराण्याला एका शहरात छत गेलेलं पाहावं लागलं आणि दुसऱ्या शहरात त्याच घराण्याने कळस चढवला.

याचं उत्तर चांगली माणसं आणि वाईट माणसं असं नाही. मराठी राज्यव्यवस्थेत दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. होळकरांच्या घरात तर खासगीचं उत्पन्न स्वतंत्र होतं आणि ते स्त्रियांच्या हाती असे. अहल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली ती या खासगीतून. काशी त्यांच्या राज्यात नव्हती. तिथे तेव्हा कंपनीचा अंमल होता. तिथे बांधून वसूल काहीच होणार नव्हतं. दौलतीचा पैसा मात्र फौजेच्या तोंडी बांधलेला असे. फौज उपाशी राहिली की दौलतीला समोरची प्रत्येक वस्तू खजिना दिसू लागते, मग ती शहाजहानची असो की आणखी कोणाची. वास्तू पुढच्या पिढ्यांसाठी राखायची असते ही कल्पना, आणि तिच्यासाठी कायदा, आपल्याकडे १९०४ साली आला. त्याआधी वास्तू टिकली ती कोणाच्या तरी श्रद्धेमुळे, किंवा तिच्यात वितळवण्यासारखं काही नव्हतं म्हणून. काशीच्या देवळावर पुढे रणजितसिंहाने सोनं चढवलं. ते आजही तिथे आहे.

दिल्लीला परतताना मी पुन्हा लाल किल्ल्यात गेलो. दिवाण-ए-खाससमोर एक शाळकरी मुलांची सहल होती, मराठी बोलणारी. त्यांचा गाईड छताशी आला तसा त्यांच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठी आहे हे त्यांनी ओळखलं असावं. एका मुलाने विचारलं, "बाई, आपण नेलं?" बाई थबकल्या. मी म्हणालो, "हो, आपणच. पगार द्यायला पैसे नव्हते." मुलाने वर पाहिलं आणि विचारलं, "मग पुरले का?"

नाही पुरले, असं मी त्याला सांगितलं.