गाव सोडणाऱ्यांचा जिल्हा

सातारा जिल्ह्यात 'ग्रस्त' हा शब्द लहानपणीच कानावर पडतो. धरणग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त... २०२१ पासून त्यात दरडग्रस्त आले. सगळ्यांना शेपूट एकच, पण गाव सोडताना प्रत्येकाच्या वाट्याला वेगळंच काही आलं. सध्या डोक्यात तेच घोळतंय.

आधी थोडा भूगोल. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, आमच्या वाईच्या घाटांना टेकून पुढे सांगलीकडे जाते. उगमापाशी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे गाव सोडायचं ते पूर्वेकडच्यांनी, हे जणू ठरलेलंच होतं. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १९७२ चा, आणि मधले कितीतरी लहानमोठे. कुणी मुंबईच्या गिरणीत गेला, कुणी माथाडी झाला. विटा-खानापूर-आटपाडीकडच्यांनी सोन्याचांदीच्या गलाईचं काम धरलं आणि देशभरच्या सराफ बाजारांत भट्ट्या पेटवल्या.

हे जाणं हळूहळू होत गेलं. आधी थोरला, मग त्याच्या मागे धाकटा. घर राहिलं, सातबारा राहिला, म्हातारी माणसं राहिली. म्हणून तर आजही जत्रेला लांबलांबच्या पासिंगच्या गाड्या गावात उभ्या दिसतात.

आता मात्र पावसाच्या माहेरघरातला माणूसच उठतोय! २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. माणचा अख्ख्या वर्षाचा पाऊस एका दिवसात! त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि आमच्या वाई तालुक्यात कोंढवलीची देवरुखवाडी इथे दरडी कोसळल्या. माणसं गेली. वाचलेल्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. इथे आधी थोरला, मग धाकटा असं काही नसतं. एका रात्रीत सगळं घरच उठतं, आणि परतायला जागाही उरत नाही. खाली सांगलीत २००५, २०१९, २०२१... पूर आला की घर सोडायचं, ओसरला की चिखल काढायला परत यायचं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५.

प्रत्येक दरड हवामानबदलानेच आली असं म्हणता येणार नाही. डोंगर कापणं आहे, झाडं तोडणं आहे. पण पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.  एकूण पाऊस न वाढताही तो थोड्या तासांत कोसळू शकतो, ही खरी भीती.

आणि मला खुपतं ते हे. धोमसारख्या धरणांनी उठवलेल्यांसाठी निदान कायदा आहे, पहिला १९७६ चा. तो नीट पाळला गेला का, हा वेगळा प्रश्न. पण त्यात एक गोष्ट कबूल केली होती: हा माणूस आपणहून गेला नाही, त्याला उठवलं गेलं, म्हणून त्याला बदल्यात जमीन आणि गावठाण देणं लागतो. दुष्काळाने गेलेल्याला असं कुणी म्हणालं नाही. तो 'पोटासाठी मुंबईला गेला'. दरडग्रस्ताला मदत मिळते, पण ती मदत म्हणून, हक्क म्हणून नव्हे. धरण कुणी बांधलं ते सांगता येतं, पाऊस कुणी बिघडवला हे सांगायला कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही ना!

आपल्या नात्यात, ओळखीत मुंबई-पुण्याला गेलेले कितीतरी आहेत. ते का गेले विचारलं की 'नोकरीसाठी' असं उत्तर येतं. यापुढे मी आणखी एक विचारणार आहे: त्या वर्षी पाऊस कसा होता?