द मॉर्निंग शो

द मॉर्निंग शो ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका असून तिचे प्रसारण १ नोव्हेंबर २०१९ रोजी अ‍ॅपल टीव्ही प्लसवर सुरू झाले. जेनिफर अ‍ॅनिस्टन, रीझ विदरस्पून व स्टीव्ह करेल यांच्या पहिल्या पर्वात प्रमुख भूमिका आहेत. सकाळच्या वृत्तकार्यक्रमांवरील ब्रायन स्टेल्टर यांच्या पुस्तकाचा आधार या मालिकेस आहे. मी टू चळवळीनंतर लैंगिक गैरवर्तन हा तिचा केंद्रविषय झाला.

कथानक

यूबीए या काल्पनिक वाहिनीवरील लोकप्रिय निवेदक मिच केसलर याला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून काढून टाकले जाते. त्याच्यासोबत १५ वर्षे काम केलेली अ‍ॅलेक्स लेव्ही आणि नवी सहनिवेदिका ब्रॅडली जॅक्सन यांच्यापुढे यामुळे प्रश्न उभा राहतो : हे कोणाकोणाला ठाऊक होते? हॅना शोनफेल्ड ही कर्मचारी वाहिनीच्या प्रमुखाकडे मिचविरुद्ध दाद मागते, तेव्हा चौकशीऐवजी तिला बढती मिळते. पर्वाच्या अखेरीस अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तिचा मृत्यू होतो. त्यानंतर अ‍ॅलेक्स व ब्रॅडली थेट प्रक्षेपणातच वाहिनीचे मौन उघड करतात.

आशय

दोष एका व्यक्तीपुरता मर्यादित नसून पाहून न पाहिल्यासारखे करणारे सहकारी आणि तक्रार दडपणारी संस्था यांचाही त्यात वाटा असतो, हे मालिकेचे मुख्य सूत्र आहे. इतरांचे गैरप्रकार उजेडात आणणारे वृत्तमाध्यम स्वतःविषयी मात्र गप्प राहते, हा विरोधाभास त्यातून ठळक होतो.

पुरस्कार

कोरी एलिसन या भूमिकेसाठी बिली क्रुडप यांना २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला.