क्रमिक प्रकारनिर्धारण : वेगाचा प्रश्न

संगणकभाषेत एखादे मूल्य अंक आहे, शब्द आहे की यादी, म्हणजेच त्याचा प्रकार कोणता, हे आज्ञावली चालण्यापूर्वी निश्चित करावे की चालताना पाहावे, या जुन्या वादात दोन्ही रीती एकाच आज्ञावलीत नांदू देणारी आणि आज्ञावलीकाराला सवडीने एकेका भागावर प्रकाराची नोंद करू देणारी जी व्यवस्था जेरेमी सीक व वालिद ताहा यांनी 2006 साली मांडली, तिला क्रमिक प्रकारनिर्धारण किंवा रूढ बोलीत ग्रॅज्युअल टायपिंग म्हणतात.

तिचा खर्च नोंदीत नसून हद्दीवर आहे. नोंदींचा भाग बिननोंदी भागाकडून मूल्य घेतो तेव्हा त्याची झडती घ्यावी लागते. अंकाची झडती क्षणात उरकते. फलन हाती आले तर मात्र ते पुढे काय परत करील हे आज कळत नाही, सबब त्यावर वेष्टन चढवून दर वापरास तपासणीची तजवीज ठेवावी लागते, आणि तेच मूल्य हद्द पुनःपुन्हा ओलांडू लागले की वेष्टनावर वेष्टन चढत जाते. यवतमाळकराला हे उमजण्यास शकुंतला रेल्वे पुरेशी आहे : यवतमाळ ते मूर्तिजापूर रूळ 762 मिलिमीटर रुंदीचे, पुढचा मुख्य मार्ग 1,676 मिलिमीटरचा, आपापल्या रुळांवर दोन्ही गाड्या बिनबोभाट धावत, पण मुंबईस निघालेल्या कापसाला मूर्तिजापुरास उतरून पुन्हा चढावेच लागे. उपमा लंगडी पडते ती इतकीच, की कापूस ही हद्द एकदाच ओलांडी. आज्ञावलीतील मूल्य ती क्षणात सहस्रवार ओलांडते.

या खर्चाचा पद्धतशीर हिशेब असुमु ताकिकावा व सहकाऱ्यांनी 2016 साली टाइप्ड रॅकेट भाषेवर मांडला. सहा घटकांच्या आज्ञावलीत नोंदी असलेल्या-नसलेल्या घटकांची 64 मिश्रणे संभवतात. अशी सर्व मिश्रणे चालवून पाहता पूर्ण नोंदींची आज्ञावली बहुधा मूळ वेगाच्या आसपास, क्वचित त्याहून जलदही, परंतु अधलीमधली कित्येक मिश्रणे दसपट आणि काही तर शंभरपटींहून अधिक मंद आढळली. क्रमाक्रमाने जाण्याची मुभा देणाऱ्या पद्धतीने मधल्या मुक्कामांवरच जबर दंड आकारावा, हा विपर्यास आहे.

या दंडातून सुटण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. टाइपस्क्रिप्ट ही भाषा हद्दीवरचे नाकेच उठविते. वेग शाबूत राहतो, पण चालत्या आज्ञावलीत नोंदीला हमीचे मोल उरत नाही. साचलेली वेष्टने एकत्र वितळविण्याची युक्ती हर्मन, टॉम्ब व फ्लॅनगन यांनी 2007 सालीच सुचविली होती; चालता चालता यंत्रसंकेत घडविणाऱ्या पायकेट या अनुवादकाने 2017 साली दंड पुष्कळ हलका केला. त्याच वर्षी म्युलबॉक व टेट यांनी दाखविले, की प्रत्येक वस्तू आपल्या वर्गाचा दाखला जन्मतःच बाळगीत असेल तर झडती स्वस्तात होते. मात्र त्यासाठी भाषाच मुळापासून त्या बेताने रचावी लागते, जुन्या भाषेला हे ठिगळ बसत नाही.