प्लॅटिनम आणि पेशींतील रफूगार

नागपुरांतील आमची धंतोली आतां रुग्णालयांची पेठ झाली आहे. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेलीं माणसें येथें औषधांच्या पिशव्या घेऊन बांकांवर बसलेलीं दिसतात. त्यांतील एका वृद्धानें मला विचारलें, "मास्तर, दोघांना रोग एक, औषध एक, मग एक घरीं परतला आणि दुसरा कां नाहीं?" 'दैव' म्हणून तो प्रश्न सोडून देणें शिक्षकाला शोभलें नसतें.

ह्या औषधाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. इ. स. १८४५ मध्यें मिकेले पेरोने ह्या इटालियन रसायनशास्त्रज्ञानें प्लॅटिनमच्या एका संयुगाचें वर्णन केलें. पुढें एकशेंवीस वर्षें त्याच्या औषधी गुणाची कोणास कल्पनाही आली नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. प्लॅटिनम निष्क्रिय, म्हणून विजेचीं अग्रें त्याचींच घेतलीं. परंतु जंतूंचें विभाजन थांबलें आणि ते वाढत वाढत तीनशेंपट लांब झाले! ही करणी विजेची नसून अग्रांतून द्रावणांत उतरलेल्या प्लॅटिनमची, असें १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. १९६९ सालीं उंदरांच्या गांठींवर त्याचा गुण दिसला आणि १९७८ सालीं अमेरिकेंत 'सिसप्लॅटिन' ह्या औषधास मान्यता मिळाली.

हें औषध करतें काय? पेशीच्या केंद्रांत डी.एन.ए. नांवाचा दुपदरी गोफ असतो. पेशीचें सारें शासन त्यांत लिहिलेलें असतें. प्लॅटिनम त्यांतील शेजारचीं दोन अक्षरें एकत्र जखडतें. गोफ वाकतो, त्याची नक्कल निघेनाशी होते आणि पेशी मरते. परंतु पेशीपाशीं स्वतःचे रफूगार असतात. ते जखडलेला सुमारें तीस अक्षरांचा तुकडा कापून काढतात आणि समोरचा पदर पाहून तेवढी जागा पुन्हां विणतात. ही रीत उलगडणारे अझीझ सान्जार हे २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत.

आतां वृद्धाच्या प्रश्नाचें उत्तर हातीं येतें. ज्या गांठींतील रफूगार निष्णात, तिच्यावर औषध फिकें पडतें. ज्या गांठींतील दुबळे, ती बळी पडते. वृषणाच्या कर्करोगाला सिसप्लॅटिन विशेष लागू पडतें, त्याचें हें एक कारण मानतात. उलट अंडाशयाच्या कांहीं गांठींत बिघडलेलें दुरुस्तीचें जनुक पुन्हां सुधारतें आणि औषध लागू पडेनासें होतें.

ह्या कथेंत आपल्या महाराष्ट्राचाही वांटा आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें २००३ ते २०११ ह्या काळांत गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगानें पीडित अशा ८५० स्त्रियांवर तुलनात्मक चांचणी झाली. किरण गोफ तोडतात, आणि तो सांधण्याच्या कामांत प्लॅटिनम अडथळा आणतें. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकीं पांच वर्षांनीं शेंकडा ४६ हयात होत्या. सिसप्लॅटिनची जोड मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५४. शंभरांत आठ! आंकडा लहान वाटेल. परंतु त्या आठ घरांस विचारा.

मग रफूगारांचें बळ आधींच कां मोजूं नये? 'ई.आर.सी.सी.-१' ह्या प्रथिनावरून फुप्फुसाच्या कर्करोगांत तसा अंदाज बांधतां येईल, अशी आशा २००६ सालीं निर्माण झाली. २०१३ सालीं ती चांचणी भरंवशाची नसल्याचें आढळलें. रफूगारांना सरसकट थोपविणेंही धोक्याचें. कारण निरोगी पेशींना वांचविणारेही तेच असतात. मूत्रपिंडें आणि कान ह्यांस ह्या औषधाची झळ आधींच लागते.

म्हणून मीं त्या वृद्धास सांगितलें, "बाबा, जो परतला नाहीं त्याचें पाप नव्हतें, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांचीही कसूर नव्हती. जी शक्ति आपणां सर्वांस जन्मभर जपते, तीच कदाचित् त्याच्या शत्रूच्या कामीं आली." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो माझा धाकटा भाऊ, मास्तर. मीच त्याला येथें आणण्यास उशीर केला, असें आजवर वाटत होतें."