ऐतिहासिक वेशभूषेतील घेराचा प्रश्न : क्रिनोलिनची निवड, माप आणि ॲना लिओनोवेन्स

प्रस्तावना :

वेशभूषा हे इतिहासाचे दुय्यम साधन मानण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. राजकीय दस्तऐवज, करार आणि पत्रव्यवहार यांच्या तुलनेत वस्त्राला पुराव्याचा दर्जा उशिरा मिळाला. तथापि समाजातील स्त्रीचे स्थान, तिच्या हालचालीवरील मर्यादा, उद्योगधंद्यांची प्रगती आणि वर्गभेद यांची नोंद वस्त्रात होत असते. युरोपीय स्त्रीवेशातील घेरदार सांगाडा, म्हणजे घागऱ्याखाली नेसावयाचे कड्यांचे आंतरवस्त्र, हे याचे ठळक उदाहरण होय. नाट्यप्रयोगासाठी किंवा संग्रहालयातील प्रतिकृतीसाठी असा सांगाडा निवडताना कोणता आकार आणि किती घेर, हे दोन प्रश्न उपस्थित होतात. वरवर शिंपीकामाचे वाटणारे हे प्रश्न वस्तुतः इतिहासाचे आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जन्मलेल्या ॲना लिओनोवेन्स यांचे उदाहरण घेतले आहे.

सांगाड्याची ऐतिहासिक वाटचाल :

घेरदार सांगाड्याचा उगम पंधराव्या शतकातील स्पेनमध्ये आढळतो. तेथील 'व्हेर्दुगादो' या वस्त्रात लवचीक काड्यांच्या कड्या बसविलेल्या असत आणि त्याचा आकार शंकूसारखा होता. इ. स. १५०१ मध्ये ॲरागॉनची कॅथरीन विवाहासाठी इंग्लंडला आली, तेव्हा तिच्या परिवाराबरोबर हा वेश तेथे पोहोचला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कमरेभोवती चाकासारखा आडवा पसरणारा प्रकार रूढ झाला. स्पॅनिश शिंपी हुआन दे आल्सेगा याच्या १५८० च्या ग्रंथात या वस्त्राच्या बेतणीची आकृती असून खालचा घेर तेरा वितींहून किंचित अधिक दिला आहे. त्या राज्यात एवढा घेर पुरेसा आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. घेर किती असावा हा वादाचा विषय तेव्हाही होता, असे यावरून दिसते. पुढे १६३९ मध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याने मोठ्या घेराच्या 'ग्वार्दाइन्फान्ते'वर बंदी घातली. ती फारशी पाळली गेली नाही. व्हेलास्केथच्या १६५६ च्या 'लास मेनिनास' या चित्रातील राजकन्या याच वेशात आहे.

अठराव्या शतकात सांगाडा दोन्ही बाजूंना रुंद आणि पुढेमागे सपाट झाला. इंग्लंडच्या दरबारात तो इतका अनिवार्य ठरला की सर्वसामान्य प्रचारातून गेल्यावरही दरबारी वेशात तो टिकून राहिला. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जच्या काळात ही सक्ती संपली.

'क्रिनोलिन' हा शब्द प्रथम घोड्याच्या केसांपासून विणलेल्या ताठ कापडासाठी वापरला जाई. १८४० च्या दशकात स्त्रिया घेर साधण्यासाठी अशा कापडाचे परकर इतर परकरांच्या थरांखाली नेसत. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या सांगाड्याचे एकस्व पॅरिसमध्ये आर. सी. मिलिए याने घेतले आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्येही त्याची नोंद झाली. परकरांचे ओझे त्यामुळे कमी झाले, पाय मोकळे झाले आणि कारखान्यात तयार होणारे हे वस्त्र मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आले. मात्र घेर शरीरापासून दूर असल्याने आगीचा धोका वाढला. ८ डिसेंबर १८६३ रोजी चिलीतील सांतियागो येथे चर्चला लागलेल्या आगीत दोन हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांचे घेरदार वेश सुटकेच्या मार्गातील एक अडथळा ठरले.

आकाराची निवड :

सर्व काळांसाठी एकच सांगाडा वापरणे ही ऐतिहासिक नाटकांतील नित्याची चूक आहे. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील घेर घुमटासारखा, सर्व बाजूंना सारखा असतो. १८६० नंतर पुढची बाजू हळूहळू सपाट होत जाते आणि घेर मागे सरकतो. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सांगाडा आकसतो व १८७० नंतर त्याची जागा केवळ मागील बाजूस उठाव देणारी 'बसल' घेते. म्हणून इब्सेनच्या १८७९ मधील 'अ डॉल्स हाउस'च्या नोराला घुमटाकार घेर देणे कालविसंगत ठरते. जेन ऑस्टिनच्या १८११ ते १८१७ या काळात प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांतील स्त्रियांच्या नित्याच्या वेशातही कड्यांना स्थान नाही.

मापाचे गणित :

आकार निश्चित झाल्यावर मापाचा विचार करावा लागतो. कमरेपासून जमिनीपर्यंतचे माप समोरून, बाजूने आणि मागून स्वतंत्रपणे घ्यावे आणि ते घेताना कॉर्सेट व प्रयोगातील पादत्राणे अंगावर असावीत. सर्वांत खालची कडी जमिनीपासून सुमारे एक वीत वर ठेवावी, अन्यथा चालताना पाऊल तीत अडकते.

घेरासाठी प्रतिकृतिकारांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे. १८६० च्या सुमाराच्या वेशात खालच्या कडीचा व्यास नेसणारीच्या उंचीच्या साधारण ५० ते ७० टक्के धरतात. १५५ सें. मी. उंचीच्या स्त्रीसाठी व्यास सुमारे ७८ ते १०८ सें. मी. आणि परीघ सुमारे २४३ ते ३४१ सें. मी. येतो. खालची मर्यादा श्रम करणाऱ्या स्त्रीला, तर वरची मर्यादा समारंभाच्या वेशाला शोभते. वरच्या घागऱ्याच्या कापडाचा घेर कडीपेक्षा बराच मोठा हवा, नाहीतर कापड ताणले जाऊन कड्यांच्या रेषा बाहेर उमटतात. त्याच कारणासाठी सांगाड्यावर निदान एक परकर नेसावा. घागऱ्याची खालची दुमड सांगाडा अंगावर असतानाच नक्की करावी. पोलादी पट्टी दाबली जाते व पुन्हा पूर्ववत होते, त्यामुळे अरुंद दारातून जाता येते आणि खुर्चीवर बसता येते. जाड नळीची ताठ कडी हे करू देत नाही.

ॲना लिओनोवेन्स यांचा घेर :

१९५६ च्या 'द किंग अँड आय' या चित्रपटात डेबोरा कर यांनी साकारलेली ॲना प्रचंड घेराच्या वेशात वावरते. या वेशभूषेसाठी आयरीन शराफ यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. सयामच्या दरबारासमोर हा घेर पाश्चात्त्य सभ्यतेचे प्रतीक म्हणून उभा राहतो. इतिहासातील ॲना मात्र वेगळ्या होत्या. त्यांचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगर येथे, कंपनीच्या सैन्यातील एका सार्जंटच्या घरी झाला. १८४९ मध्ये पुण्यात त्यांचा विवाह झाला आणि १८५९ मध्ये पिनांग येथे पतीचे निधन झाले. त्यानंतर सिंगापूरमध्ये शाळा चालवून त्या १८६२ मध्ये राजा मोंगकुट याच्या मुलांना शिकविण्यासाठी बँकॉकला गेल्या. आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचे त्या सांगत. त्यांचे भारतातील मूळ बाहेर आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनातून.

वेतनावर जगणाऱ्या विधवा शिक्षिकेला १८६२ साली मेजवानीचा घेर नित्य परवडला असता, हे संभवनीय वाटत नाही. वरील गणितानुसार तिच्यासाठी खालच्या मर्यादेजवळचा, सुमारे अडीच मीटर परिघाचा सांगाडा सयुक्तिक ठरतो. मोठा घेर दिल्यास रंगमंचावर सुखवस्तू इंग्रज कुलीन स्त्री दिसते, म्हणजेच ॲना यांनी स्वतःविषयी रचलेली कथा प्रेक्षक सत्य मानतो. लहान घेर दिल्यास वसाहतीच्या छावणीत वाढलेली, स्वतःची ओळख कष्टाने घडविणारी स्त्री दिसू लागते.

निष्कर्ष :

१. सांगाड्याचा आकार काळावरून, तर घेर व्यक्तीचा वर्ग, व्यवसाय आणि प्रसंग यांवरून ठरवावा.
२. चित्रपटातील वेश हा पुरावा नव्हे. समकालीन छायाचित्रे, बेतणीच्या आकृत्या आणि उपलब्ध वस्त्रे यांना प्राधान्य द्यावे.
३. महाविद्यालयीन नाट्यविभागांनी वेशभूषेचा निर्णय इतिहास विभागाशी विचारविनिमय करून घेतल्यास प्रयोगाची विश्वसनीयता वाढेल आणि विद्यार्थ्यांना साधनचिकित्सेचा प्रत्यक्ष पाठ मिळेल.